चोणकाची वाट आणि मानशीचे दार

ग्वाल्हेरच्या फूलबागेत मला कुणी चोणकाबद्दल विचारील, असे स्वप्नातही वाटले नव्हते.

एलटीसीची मुदत संपत आली होती, म्हणून डिसेंबरात सहकुटुंब उत्तरेकडे गेलो होतो. आग्रा झाले आणि तिथून ग्वाल्हेर. किल्ला पाहून दमलेलो आम्ही फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी टेकलो. १८ जून १८५८ रोजी राणी इथेच जवळपास पडली. जवळून स्वर्णरेखा वाहते. राणीचा घोडा या नाल्याशी अडला, अशी कथा आहे. आज पाहिले तर सिमेंटने बांधून काढलेले गटार. मुलगा म्हणाला, "एवढ्याशावरून घोडा उडी मारीना?" मी त्याला समजावीत होतो की नदी तेव्हा अशी नव्हती. तेवढ्यात बाजूच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे वळले. "मराठी बोलताय, पण पुण्याचे नव्हेत तुम्ही. कुठले?"

गोव्याचे म्हटल्यावर गृहस्थांचा चेहरा खुलला. त्यांचे घराणे मूळचे पेडणे महालातले. शिंद्यांच्या चाकरीत कोण कधी आला ते त्यांनाही नीट सांगता येईना. सहा-सात पिढ्या झाल्या असाव्यात. त्यांनी स्वतः गोवा एकदाच पाहिलेला, तोही चार दिवस. मराठीला हिंदीचा वास. आणि मग त्यांनी विचारले, "आमची आजी एक गोष्ट सांगायची, तिला तिच्या सासूने सांगितलेली. पावसाळ्यानंतर मानशीतून चोणक येतो म्हणून. मी मानस पाहिली नाही, चोणकही खाल्ला नाही. अजून येतो का हो तो?"

मी म्हटले, "येतो की!" आणि दुसऱ्याच क्षणी मनात आले, आपण हे कशाच्या बळावर सांगितले? मी चोणक खातो तो पणजीच्या मार्केटात घेतलेला. तो मानशीतून येतो की कुठून, हे मी किती वर्षांत विचारले होते?

गोव्याची माणसे ग्वाल्हेरला पोचली कशी, हे थोडे सांगायला हवे. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडण्याच्या केरी गावचे. केरीच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला तेरेखोल नदी. महादजींच्या सैन्यात आणि दरबारात जिवबादादांचे वजन मोठे होते. लखबादादा लाड, बाळोबा पागनीस ही शिंदेशाहीतली आणखी शेणवी नावे. जिवबादादा १७९६ मध्ये वारले. तेव्हा पेडणे पोर्तुगीजांकडे जाऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. ग्वाल्हेरची लष्कर ही वस्ती तर त्यांच्यानंतरची, दौलतरावांनी १८१० च्या सुमारास तिथे तळ दिला तेव्हाची. एक बक्षी मोठा झाला की त्याच्या मागून कारकून, कारभारी, नातेवाईक, आश्रित अशी रांग लागते. हे मी सरकारी नोकरीत राहून चांगले जाणतो. त्या रांगेत गेलेल्यांनी देव नेले, कुळाचार नेले, आडनावे नेली. नुस्ते मात्र नेता आले नाही. राहिली ती एका माशाची आणि एका दाराची आठवण.

घरी परतल्यावर मी या प्रकरणाच्या मागे लागलो.

फ्लॅटमध्ये वाढलेल्या आमच्या नव्या पिढीसाठी आधी मानस म्हणजे काय ते सांगतो. मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल, साळ या आपल्या नद्या समुद्रसपाटीवरून रेंगाळत वाहतात. मांडवीत भरती पार गांज्यापर्यंत जाणवते. म्हणजे मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत. या नद्यांच्या काठची सखल, खारी, चिखलाची जमीन बांध घालून माणसाने नदीकडून मागून घेतली. तीच खाजन. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर सांगतात. बांधाच्या आत पाण्याचा एक ओहोळ राखलेला असतो, ती पोंय. आणि पोंय नदीला जिथे मिळते तिथे चिऱ्यांच्या बांधकामात लाकडी झडपा बसवलेल्या असतात, ती मानस. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. राखणदार झोपला तरी चंद्र आपले काम करतो.

खाजन पावसात गोड्या पाण्यावर भात देते. कोरगुट, आसगो अशा खारेपणा सोसणाऱ्या जाती. भात कापले की आत खारे पाणी घ्यायचे आणि पावसापर्यंत तिथे सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, खेकडे वाढू द्यायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाला पिशवीसारखे जाळे लावायचे.

आता चोणकाकडे येऊ. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्करिफर. रायगडात हाच जिताडा, बंगाल्यांकडे भेटकी, आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी, जो गळाला लागावा म्हणून लोक हजारो मैलांवरून विमानाने जातात. आपल्याकडेही पुलाखाली रात्र रात्र गरी टाकून बसणाऱ्यांना विचारा, नदीत सगळ्यात मानाचा मासा कोणता. तो गरीला लागला की पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झाडतो आणि दहातल्या पाच वेळा सुटून जातो. रात्री विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात.

या माशाचे आयुष्य वाचताना मला वाटले, आपण याला इतकी वर्षे फक्त तळूनच ओळखले. चोणक जन्मतो खाऱ्या पाण्यात, नदीच्या मुखाशी. अंडी घालण्यासाठी मोठे मासे नद्यांतून आणि खाड्यांतून खाली मुखाकडे उतरतात. ही वेळ पावसाळ्याच्या आसपासची, आणि त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची, कारण चढत्या भरतीबरोबर अंडी आणि पिल्ले आत ढकलली जातात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी, कधी कोटीच्या घरात अंडी असतात. अंडे एक मिलिमीटरही नसते आणि एका दिवसाच्या आत फुटते. मौजेची गोष्ट म्हणजे पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा दांडा वर येऊन मांडवीचे मुख जहाजांना बंद होते. माणसांचा दरवाजा लागतो तेव्हाच चोणकाचा हंगाम असतो.

पिल्ले मग किनाऱ्याची उथळ, निमखारी, झाडाझुडपांची जागा शोधतात. खारफुटीची मुळे, दलदल, भरतीने भरणारी डबकी. मोठ्या माशांना तिथे शिरता येत नाही, आणि बारीक झिंगे-मासोळ्या खायला भरपूर. काही महिने तिथे वाढून ती नदीत वर सरकतात. काही पार गोड्या पाण्यात जातात, तिथे दोन-चार वर्षे काढतात आणि वयात आली की पुन्हा मुखाकडे उतरतात. नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या माशांच्या नेमकी उलटी ही रीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला कुणी लहानपणी सांगितली असती तर मी चेष्टा समजलो असतो. चोणक बहुतेक करून आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून अंड्यांच्या हंगामात भाग घेतो आणि पुढे सहा-आठ वर्षांचा होता होता मादी होतो. म्हणजे बाजारात एक-दोन किलोचा येतो तो जवळजवळ नेहमी नर, आणि दहा-बारा किलोचा, ज्याच्यासोबत लोक फोटो काढतात, ती आई. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरहून लहान बॅरामंडी ठेवायचा नाही हे तर आहेच, पण १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवायचा नाही, असा नियम आहे. आपल्याकडे मोठा मिळाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून कापतात. मीही त्या शेजाऱ्यांत जेवलेलो आहे.

कोणता मासा कुठे राहिला हे शास्त्रज्ञांना कसे कळते, हेही मला नवीन होते. माशाच्या कानात एक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वर्तुळे चढत जातात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचे द्रव्य जास्त, गोड्या पाण्यात बहुधा कमी. ते त्या वर्तुळांत उतरते. म्हणजे तो खडा हे माशाचे सर्व्हिस बुकच झाले. कुठल्या साली कुठे पोस्टिंग, सगळे नोंदलेले. ऑस्ट्रेलियात असे खडे तपासले तेव्हा दिसले की सगळे बॅरामंडी गोड्या पाण्यात जातातच असे नाही. काही जन्मभर खाडीतच राहतात, वाट मोकळी असेल आणि पाऊस चांगला असेल तर जास्त जण वर जातात. प्रवास हा या माशाला पर्याय आहे, सक्ती नाही. पण लहानपणीची ती निमखारी उथळ जागा जवळपास कुठेतरी लागतेच.

आणि इथेच मला ग्वाल्हेरच्या त्या आजीचे म्हणणे उमगू लागले. खाजन म्हणजे काय? खारफुटीची दलदल तोडून केलेले शेत. माणसाने चोणकाचे बालपणीचे घर घेतले. पण घेताना दार ठेवले. झडप कधीच काटेकोर मिटत नसे, फटींतून पाणी आणि पाण्याबरोबर पिल्ले आत येत. भात कापल्यावर तर मुद्दाम उधाणाचे पाणी आत घेत. पोंयीच्या काठाने थोडी खारफुटी राखीत, कारण तिच्या मुळांनी बांध धरतो. चोणकासाठी कुणी काही केले नव्हते. भातासाठी, सुंगटांसाठी, बांधासाठी केले होते. पण त्यात त्याचे भागले.

हे किती जुने? बांदिवड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मन राजाच्या ताम्रपटात खज्जन जमिनीचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. म्हणजे शब्दच चौदाशे वर्षांचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या त्यांच्या महसूल अधिकाऱ्याने गांवकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो फोराल. त्यात गांवकारांची ओळख ओसाड जमीन लागवडीला आणणारे अशीच आहे. धर्माच्या बाबतीत पोर्तुगीजांनी काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. देवळे पाडली, माणसे नदीपार गेली. पण बांध आणि मानस ज्या व्यवस्थेवर चालत होते तिला त्यांनी मोडले नाही, कारण तिच्यातून सारा मिळत होता. गांवकरीची कोमुनिदाद झाली, कायदे पोर्तुगीजीत गेले, १९०४, १९३३ आणि अखेर १९६१ च्या एप्रिलात नवी संहिता आली, मुक्तीच्या अवघे आठ महिने आधी. इतका वेळ पुरलेली दुसरी कुठली व्यवस्था आपल्याकडे आहे, मला आठवत नाही. ती आदर्श होती असे मात्र मी म्हणणार नाही. गांवकार कोण आणि चिखलात उभा राहून बांध घालणारा कोण, यात जातीचे अंतर होते, आणि जोण गांवकाराच्या घरी जात होती.

माझ्या मामाचे गाव झुआरीच्या काठी. लहानपणी मी तिथे मानशीची पावणी पाहिली आहे. मासे धरण्याचा हक्क ठराविक मुदतीसाठी लिलावाने द्यायचा, सगळ्यात जास्त बोली करणाऱ्याला. पैसा बांधाच्या दुरुस्तीला. शर्ती असत. पोंयीतले पाणी शेताच्या पातळीवर येता कामा नये, पेरणीच्या आधी खारे पाणी बाहेर गेले पाहिजे. मामाने एक वर्ष बोली केली होती. चोणकाबद्दल तो म्हणायचा, "पोंयीतला चोणक म्हणजे जावई. सगळी सुंगटे खातो, आणि वर त्याचाच मान!" सुंगटांवर मानशेकाराचा धंदा, म्हणून हे दुखणे. पण चोणक जाळ्यात आला की मामाच पहिल्याने तो घरी घेऊन यायचा. मामी त्याच्या कापांना मीठ-हळद-सोलांचे पाणी लावून रव्यात घोळवायची, आणि डोक्याचे हुमण.

मग बिघडले कुठे? एकच कारण सांगणाऱ्याचे मी ऐकत नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती न्यायाची होती. कुळांना जमीन मिळाली, मिळायलाच हवी होती. पण बांध एकट्याच्या मालकीचा होत नाही. कोमुनिदादींचा हात सुटला, कुळांच्या संघटना झाल्या. काही चांगल्या चालल्या, काही कागदावर राहिल्या. बांधाला भगदाड पडले की पूर्वी ज्या रात्री माणसे धावायची, तिथे अर्ज आला. अर्जाचे काय होते ते मी रोज पाहतो. फाईल वर जाते, खाली येते, त्यात दोन उधाणे निघून जातात. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-झुआरीचे बांध खाल्ले. शेतीपेक्षा सुंगटांत पैसा दिसू लागला तेव्हा मानशी भलत्या वेळी उघड्या राहू लागल्या. खारे पाणी शेतात चढले. शेत पडीक पडले की भराव घालायला मोकळे.

यात चोणकाचे काय झाले, हे मात्र सरळ नाही. बांध फुटून शेत पाण्याखाली गेले तर काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते, आणि खारफुटी म्हणजे त्याचे मूळ घर. तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान ते चोणकाचे नुकसान, असे डोळे झाकून म्हणता येत नाही. त्याला खरा मार बसतो तो भरावाने, आणि पक्क्या भिंतीने. जिथे दारच राहत नाही, तिथे.

फूलबागेपासून सव्वाशे किलोमीटरवर याचे मोठे उदाहरण आहे, आणि मी ते त्या दोनच दिवस आधी पाहून न पाहता आलो होतो. ताजमहालामागची यमुना. बंगालच्या उपसागरातून गंगेत शिरणारा पाला, ज्याला बंगाली इलिश म्हणतात, तो एके काळी अलाहाबादवरून यमुनेत वळून आग्र्यापर्यंत येत असे. हजार-दीड हजार किलोमीटरची चाल. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतला पाला जवळजवळ संपला. बंधाऱ्याला दारे होती, पण ती पाण्यासाठी. शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेल्या आमच्या मासेखाऊ पूर्वजांना आग्र्याच्या बाजारात निदान एक समुद्राचा मासा भेटत असेल, हा विचार मला मोठा दिलाशाचा वाटतो.

आता बाजारातल्या चोणकाचे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये भारतात पहिल्यांदा या माशाची पैदास बंदिस्त जागेत करून दाखवली. त्यानंतर हॅचरीचे बीज मिळू लागले आणि आज तळ्यांत, पिंजऱ्यांत वाढवलेला चोणक सर्रास येतो. रायगडातही खारजमिनीतल्या तळ्यांत तो पाळतात. तिकडे साहेबाच्या घरी जिताडा पोचला की काम होते, अशी ख्याती आहे. मी कारकून आहे, माझ्यापर्यंत अजून शेपटीसुद्धा कुणी पोचवलेली नाही. पाळलेला चोणक वाईट नाही, उलट त्याच्यामुळे नदीतल्या आयांवरचा भार हलका होत असेल तर बरेच. पण त्याच्या कानातल्या खड्यात कसला प्रवास लिहिलेला नसणार. तळ्याचे एकच पोस्टिंग. सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्रात तिचा उपयोग आहे. मानस, पोंय आणि भराव या गोष्टी तिच्या कक्षेत येत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या अमावास्येला मी मामाच्या गावी गेलो. मामा आता नाही. मानस आहे. एक झडप जुन्या लाकडाची, दुसरी नवी. तिथल्या मानशेकाराने रात्री ओहोटीला जाळे लावले. सुंगटे, थोडे शेवटे, चार खेकडे. आणि तळाशी वीतभराचे दोन चोणक, विजेरीच्या उजेडात डोळे लाल. त्याने ते उचलून परत नदीच्या बाजूला टाकले. मी विचारले, "सोडलेस का?" म्हणाला, "एवढ्याचे काय करू? येईल पुढच्या खेपेस." तो नियम पाळत होता की कंटाळा करत होता, मला कळले नाही.

फूलबागेतल्या त्या आजोबांच्या नातवाचा नंबर माझ्याकडे होता. मानशीचा आणि त्या दोन माशांचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी आजोबांनी स्वतः फोन केला. माशाबद्दल ते फारसे बोलले नाहीत. झडपेचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला होता. विचारत होते, हे दार उघडते कुठल्या बाजूला, शेताकडे की नदीकडे?

मी म्हटले, "नदीकडे."